निकेल क्लोराइड: एका टाकीचे तीन आकडे

एकोणिसाव्या शतकातला निकेलचा मुलामा निकेल-अमोनियमच्या दुहेरी क्षारावर चाले आणि फार हळू चढे. 1916 मध्ये निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल या त्रिकुटाची कृती पुढे आली. मुलाम्याच्या टाक्या बहुतांशी आजही त्याच कृतीवर चालतात.

1985 मध्ये मराठवाड्यातल्या वाळूजला दुचाकींचं उत्पादन सुरू झालं. त्यांच्या सायलेन्सरवरची चमक क्रोमची वाटते, पण खाली 10 ते 20 मायक्रॉन निकेल असतं आणि वरचा क्रोम जेमतेम पाव मायक्रॉन. क्लोराइडचं मुख्य काम मात्र जॉबवर (मुलामा चढवायच्या वस्तूवर) नसून निकेल पुरवणाऱ्या धन ध्रुवावर, म्हणजे अ‍ॅनोडवर आहे. ते कमी पडलं की अ‍ॅनोडवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, निकेल विरघळायचं थांबतं, व्होल्टेज चढतं आणि अ‍ॅनोडवर वायूचे बुडबुडे दिसतात. एरवी सावकाश वर सरकणारा पीएच अशा वेळी खाली येऊ लागतो. खूण ओळखायची ती हीच.

खरा घोळ नावात आहे. कृतीत लिहिलेलं निकेल क्लोराइड म्हणजे हिरवे, पाण्याचे सहा रेणू धरलेले स्फटिक; रेणुभार 237.7. निर्जल प्रकार पिवळा, रेणुभार 129.6. प्रयोगशाळा सिल्व्हर नायट्रेटने मोजते तो मात्र नुसता क्लोराइड आयन. म्हणजे लिटरला 50 ग्रॅम हिरवे स्फटिक, 27 ग्रॅम पिवळी पूड आणि 15 ग्रॅम क्लोराइड ही एकाच टाकीची तीन वर्णनं. अहवालात 'क्लोराइड 15' वाचून 35 ग्रॅमची तूट धरली, तर 1000 लिटरच्या धडधाकट टाकीत 35 किलो माल फुकट ओतला जातो. मग थरातला ताण वाढतो, वाकवताना मुलामा तडकतो आणि दोष ब्राइटनरवर (चमक आणणाऱ्या रसायनावर) जातो. जादा क्लोराइड गाळून काढता येत नाही. थोडं द्रावण उपसून बाकीचं पातळ करायचं आणि सल्फेट, बोरिक पुन्हा भरायचं, एवढाच मार्ग. अहवालावर 'कशाच्या रूपात' हा रकाना सक्तीचा हवा.

मराठवाड्यात त्यात पाण्याची भर. उन्हाळ्यात 55-60 अंशांच्या टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि भर घातली जाते ती बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याची. पाणी उडतं, कॅल्शियम मागे राहतं आणि शेवटी कॅल्शियम सल्फेटच्या सुया होऊन जॉबच्या वरच्या बाजूला खरखर येते. फिल्टर कितीही फिरवला तरी, भर आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची घातल्याशिवाय हे थांबत नाही.

1990 मध्ये निकेलची संयुगं मानवात कर्करोग घडवणारी म्हणून वर्गीकृत झाली. पिवळी पूड हिरव्यापेक्षा जास्त उडते, त्यामुळे पोतं फोडताना मास्क आणि हातमोजे हवेतच. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात निकेलची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. चुना किंवा कॉस्टिकने पीएच 9.5च्या आसपास नेला की निकेल खाली बसतं. पण त्यात अमोनिया किंवा सायट्रेट असलेलं इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढवायच्या) निकेलचं धुवण मिसळलं असेल तर बसत नाही. ते धुवण पहिल्यापासून वेगळ्या टाकीत घ्यावं लागतं.