क्लीन म्हणजे ड्राय नव्हे

"मी गिटार एकदम क्लीन वाजवतो, इफेक्ट काहीच नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी अ‍ॅम्पवरचा (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा) रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा, नॉब बघतो आणि तो बऱ्याचदा चार-पाचवर असतो. म्हणजे टोन क्लीन आहे, पण ड्राय नाहीये.

क्लीनचा संबंध गेनशी, म्हणजे सिग्नल किती जोरात वाढवलाय त्याच्याशी. अ‍ॅम्पला झेपेल एवढाच सिग्नल गेला, लाटेचे शेंडे कापले गेले नाहीत की आवाज क्लीन. ड्रायचा संबंध नोटच्या मागे काय रेंगाळतं त्याच्याशी, म्हणजे रिव्हर्ब नाही, डिले (तोच आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) नाही, तार थांबली की आवाज थांबला.

साठच्या दशकातलं सर्फ गिटार घ्या, म्हणजे समुद्रावर सर्फिंग करणाऱ्यांचं अमेरिकन गिटार संगीत. गिटार आणि अ‍ॅम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये रिव्हर्बचा वेगळा डबा काढला, १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो अ‍ॅम्पच्या आतच बसवला, आवाज स्प्रिंगांमधून फिरून परत येतो तो ओला चुबुकचुबुक टोन तिथलाच. बऱ्यापैकी क्लीन, पण ड्राय अजिबात नाही. आणि उलट बाजूला एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारिस्ट माल्कम यंग, गिटार सरळ मार्शल अ‍ॅम्पमध्ये, आवाजाला धार आहे, कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) थांबवला की मधली शांतता स्पष्ट ऐकू येते. हा ड्राय आहे, क्लीन नाही.

आता हा फरक मला एवढा महत्त्वाचा का वाटतो, तर दोन्ही तुमच्या वेगवेगळ्या चुका दाखवतात. गेन काढला की पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) जोर कमीजास्त पडतोय ते लगेच कळतं, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे गेन वाढवल्यावर फाटलेला आवाज, मोठ्या-छोट्या नोट्स दाबून जवळपास एका पातळीवर आणतं आणि सस्टेनही (नोट जास्त वेळ टिकणं) फुकट देतं. रिव्हर्ब काढला की नोट संपते कशी ते कळतं, बोट लवकर उचललं, कॉर्ड बदलताना मध्ये भोक पडलं, हे सगळं रिव्हर्ब भरून काढत होता आणि आपल्याला वाटत होतं आपण लेगाटो, म्हणजे नोटला नोट जोडून, वाजवतोय! गेन ठेवून फक्त रिव्हर्ब काढून बघा, न वाजवलेल्या तारा किती गुणगुणतात ते ऐकाल, म्यूटिंगचा (नको त्या तारा हाताने गप्प करायचा) सराव मी म्हणूनच असा करतो. रोज दहा मिनिटं दोन्ही बंद, तेही मेट्रोनोमवर, सुरुवातीला फार उघडं पडल्यासारखं वाटतं पण हात सुधारतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, खोलीत अ‍ॅम्प वाजवताना भिंतींवरून थोडा आवाज परत येतोच, त्यामुळे पूर्ण ड्राय असं तिथे नसतंच. हेडफोन लावला की खोली गायब होते आणि तीच गिटार मेल्यासारखी वाटते. तिथे रिव्हर्ब एक-दीडवर ठेवला तर खुशाल ठेवा, ती फसवणूक नाही, गेलेली खोली परत आणताय एवढंच.