मोड बदलला की कोड का बदलतो?

वेबपानं बनवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलाय: खरं पान म्हणजे कोड, आणि व्हिज्युअल मोड (पान जसं दिसणार तसंच पाहत लिहिण्याची पद्धत) ही नवशिक्यांसाठी मागाहून केलेली सोय, जी चांगल्या कोडची वाट लावते. यातला 'मागाहून' हा शब्द तर सरळ चूक आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली लिहिलेला पहिला ब्राउझर हा संपादक, म्हणजे पान लिहिण्याचं सॉफ्टवेअरही होता आणि त्यात टॅग (मथळा, ठळक अक्षर वगैरे सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा) न पाहताच पान लिहिता येत असे. कोडची वाट लागते हे मात्र खरं.

ब्राउझरच्या लेखी पान म्हणजे कोडही नव्हे आणि चित्रही नव्हे. एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड ज्या भाषेत असतो ती, वाचून तो मेमरीत एक झाड उभं करतो, त्याला डॉम म्हणतात. मथळा ही एक फांदी, परिच्छेद दुसरी, त्यातला ठळक शब्द ही उपफांदी. पडद्यावरचं चित्र या झाडावरून काढलं जातं. व्हिज्युअल मोडमध्ये टाइप केलेलंही थेट झाडात जातं. कोड मोडवर परतलात की बरेचसे संपादक त्या झाडावरून एचटीएमएल नव्याने लिहून काढतात. तुम्ही लिहिलेला मूळ कोड तोवर गेलेला असतो.

खरी गंमत कोडचं झाड होताना घडते. चुकीचा कोड दिसला म्हणून ब्राउझर पान नाकारत नाही. चूक कशी सावरायची याचे काटेकोर नियम एचटीएमएल 5 मध्ये आहेत. टॅगांची नावं सोयीसाठी मराठीत लिहितो. समजा कोणी लिहिलं:

[ठळक] एक [तिरपं] दोन [/ठळक] तीन [/तिरपं]

'तिरपं' उघडं असतानाच 'ठळक' बंद झालं. झाडात हे बसत नाही, कारण एक फांदी अर्धी आत, अर्धी बाहेर असू शकत नाही. मग ब्राउझर आधी तिरपं बंद करतो, नंतर ठळक. पण तिरपं लेखकाने बंद केलेलं नाही, हे तो एका वेगळ्या यादीत ठेवतो आणि पुढचा मजकूर येताच ते पुन्हा उघडतो:

[ठळक] एक [तिरपं] दोन [/तिरपं] [/ठळक] [तिरपं] तीन [/तिरपं]

डोळ्यांना फरक शून्य, कोडमध्ये मात्र टॅगांची एक जोडी वाढली. मध्ये परिच्छेद आला तर मामला आणखी रंगतो:

[ठळक] एक [परिच्छेद] दोन [/ठळक] तीन [/परिच्छेद]

इथे परिच्छेद 'ठळक'च्या पोटातून काढून 'ठळक'च्या पालकाकडे, म्हणजे ज्या फांदीतून 'ठळक' फुटली तिच्याकडे, सोपवला जातो, 'ठळक'ची एक प्रत परिच्छेदाच्या आत जाते आणि 'दोन' त्या प्रतीत बसतो. 'तीन' साधाच राहतो. या नियमाचं अधिकृत नाव ॲडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम! तक्त्यांचंही असंच. ओळी थेट तक्त्यात लिहिल्या, तर त्यांच्याभोवती न लिहिलेला 'टीबॉडी' (तक्त्याचा मुख्य भाग दाखवणारा) टॅग उगवतो, आणि तक्त्यात भरकटलेला मजकूर तक्त्याच्या वर जाऊन बसतो.

म्हणून कोड बिघडू नये यासाठी मोड बदलण्यापूर्वी दोनदा सेव्ह करण्याचा तोडगा कोणी सांगितला, तर ती निव्वळ अंधश्रद्धा आहे. बदल सेव्ह करताना होत नाही, वाचताना होतो.

उलट दिशेला, म्हणजे व्हिज्युअल मोडमधून कोड बनताना, अडचण वेगळी. तुम्ही ठळकचं बटण दाबता, पण हेतू काय? नुसतं जाड अक्षर, की महत्त्वाचा शब्द, की मथळा? चित्र सारखं दिसतं, झाडं निराळी. अक्षर मोठं आणि जाड करून बनवलेला 'मथळा' स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाला मथळा म्हणून सापडतच नाही. 'नो-कोड'च्या, म्हणजे कोड न लिहिता पान बनवून देणाऱ्या साधनांच्या, जाहिराती ही बाजू सांगत नाहीत. कोड तिथेही असतोच, फक्त तुमच्या हेतूचा अंदाज दुसरं कोणीतरी बांधतं.

1997 साली आलेल्या ड्रीमवीव्हर या वेबपानं बनवण्याच्या सॉफ्टवेअरने 'तुमचा हाताने लिहिलेला कोड जसाच्या तसा ठेवू' हेच मोठं आकर्षण म्हणून मांडलं होतं. त्यासाठी झाडातली कुठली फांदी मजकुरातल्या कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत आहे याची नोंद ठेवावी लागते आणि बदल तेवढ्याच तुकड्यात करावा लागतो. संकेतस्थळं बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरने 2018 मध्ये 5.0 आवृत्तीत ब्लॉक संपादक आणला, ज्यात परिच्छेद, चित्र असा पानाचा एकेक भाग म्हणजे एक ब्लॉक; त्याची रीत निराळी. ब्लॉकच्या हद्दी एचटीएमएलच्या टिप्पण्यांत, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या नोंदींत, लिहिलेल्या असतात. पान उघडताना तो ब्लॉकचं एचटीएमएल पुन्हा बनवून साठवलेल्याशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर गुपचूप दुरुस्ती करण्याऐवजी इशारा देतो आणि ब्लॉक सावरण्यासाठी बटण पुढे करतो. ते दाबण्याआधी कोडची प्रत काढून ठेवा, कारण हाताने घातलेले बदल त्या दुरुस्तीत उडू शकतात.