पार्श्वभूमी : ट्राम, ट्रॉलीबस आणि मुंबईचा रस्ता

मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांनी ओढली, १९०७ साली ती विजेवर आली, १९२० साली तिला वरचा मजला चढला. हे बहुतेकांना ठाऊक आहे. वाद आहे तो ती बंद करण्याच्या निर्णयाचा.

स्वातंत्र्याच्या तोंडावर शहराची बस-ट्राम वाहतूक पालिकेकडे आली. पुढे एकेक मार्ग बंद होत गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम खचाखच भरून गेली. ट्राम रस्ता अडवते, असं कारण सांगितलं जाई. त्यात तथ्य होतं. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे चढणाऱ्याला गाड्यांमधून वाट काढावी लागे आणि एक ट्राम बंद पडली की मागच्या सगळ्या खोळंबत. पण रुळांवर मोटारी येऊ द्यायच्या आणि कोंडीचं खापर ट्रामवर फोडायचं, हा न्याय उफराटाच म्हणायचा. रुळांची जागा मोटारींना बंद करणं हाही एक मार्ग होता.

मधला तोडगा म्हणून ११ जून १९६२ पासून ग्वालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस, धावू लागली. ट्रामची वीज रुळांतून परतते, म्हणून तिला वर एक तार पुरते. रबरी चाकांच्या ट्रॉलीबसला दोन तारा आणि टपावर दोन दांडे लागतात. ती फुटपाथला लागत असल्याने चढउतार सोपी झाली, पण तारांचं बंधन सुटलं नाही. दांडा तारेवरून निसटला की गाडी जागीच. तो पुन्हा तारेला लावेपर्यंत प्रवासी आत बसून. रस्ता खोदला म्हणून मार्ग वळवायचीही सोय नाही. डिझेल बसला यातलं काहीच आड येत नव्हतं. १९७१ साली ट्रॉलीबस बंद झाली आणि दोनच वर्षांत जगभर तेलाचे भाव भडकले!

लोकल सोडली तर विजेवरची गाडी मुंबईत परतली, पण बरीच उशिरा. २०१४ साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो खांबांवरून धावू लागली, २०२५ साली भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. बॅटरीवरच्या बसला तर डोक्यावर तारही लागत नाही. मेट्रोला रस्त्याच्या वर किंवा खाली स्वतःची वाट मिळाली. बस मात्र बहुतेक ठिकाणी अजून मोटारींच्याच गर्दीत आहे.