लिनक्सवरचं गेमिंग आणि ३२-बिटचं भांडण

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांची लिनक्सशी, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमशी, पहिली गाठ पडते ती बहुधा इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये. तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे आणि अभ्यासक्रमात युनिक्स, शेल स्क्रिप्टही. प्रॅक्टिकल उरकलं की ‘ह्याच्यावर गेम चालतो काय?’ हा प्रश्न ठरलेला.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचं काम १९९३ ला सुरू झालं, १.० यायला २००८ उजाडलं. तोवर सगळा मामला नशिबावर. २०१३ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आलं, पाठोपाठ काउंटर-स्ट्राइक १.६, जो आपल्या सायबर कॅफेंनी विंडोजवर आधीच कोळून प्यायला होता. २०१८ मध्ये स्टीमनं वाइनवरच बेतून आणलेल्या प्रोटॉननं मग विंडोजचे गेम एका क्लिकवर आणले.

आणि लगेच जून २०१९ मध्ये उबंटू ह्या लोकप्रिय लिनक्सनं जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून ३२-बिट पॅकेजेस, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं सॉफ्टवेअर, बंद. इथं दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. डेस्कटॉपची ३२-बिट इन्स्टॉल डिस्क २०१७ मध्येच बंद झाली होती. त्याचा फटका जुन्या मशीनवाल्यांना बसला. २०१९ चा घाव लायब्ररींवर (प्रोग्रॅमना चालायला लागणाऱ्या सामायिक फायलींवर) होता, म्हणजे नवाकोरा ६४-बिट लॅपटॉप असला तरी सुटका नाही. कारण स्टीमचा क्लायंटच (आपल्या मशीनवर बसवायचा प्रोग्रॅम) तेव्हा ३२-बिट, काउंटर-स्ट्राइक १.६ ही ३२-बिट, आणि वाइनवर चालणाऱ्या कित्येक जुन्या गेमचे इन्स्टॉलरसुद्धा. टर्मिनलमध्ये ‘डीपीकेजी’ला (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) आय३८६, म्हणजे ३२-बिट, जोडून द्यायची ती एक ओळ ज्यांनी कधी टाकलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

देखभाल आणि चाचणीचा बोजा, सुरक्षेची जोखीम ही उबंटूची कारणं खोटी नव्हती. पण गेमवाल्यांची त्यात अडचण होणार होती, हेही तितकंच खरं. स्टीमच्या बाजूनं नव्या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा काढायची भाषा झाली आणि आठवड्याच्या आत माघार आली: निवडक ३२-बिट पॅकेजेस राहतील. त्याच वर्षी मॅकनं मात्र ३२-बिट खरोखरच तोडलं, जुने गेम गेले ते गेलेच. २०२४ च्या वाइन ९.० पासून ३२-बिट लायब्ररींशिवाय ३२-बिट प्रोग्रॅम चालवायची सोय प्रयोगादाखल आली. तरी २०२५ मध्ये फेडोरा ह्या दुसऱ्या लिनक्समध्ये हाच प्रस्ताव पुन्हा आला आणि पुन्हा मागे घ्यावा लागला.

२०२२ च्या स्टीम डेकनंतर (लिनक्सवर चालणारं हातातलं गेमिंग यंत्र) वादाचं ठिकाण अँटी-चीटकडे, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सरकलं. व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ च्या अखेरीस तोही बंद केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी ह्या दोन गेमसाठी ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) ठेवणं आलंच.