विंडोज 11 ला ‘जुने रूप’ देणारे फुकट टूल टाकण्याआधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विंडोज 10 वरून 11 वर आलेल्या ग्राहकांचा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: ‘सगळं इकडचं तिकडे झालंय, पहिल्यासारखं करून द्या.’ हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. तुम्ही कॉम्प्युटर रोज वापरता, त्यामुळे टास्कबार म्हणजे काय हे सांगत बसत नाही. बऱ्याच गोष्टी सेटिंग्जमधून तुमच्या तुम्हालाच करता येतील, त्या पुढे दिल्या आहेत. पण त्याआधी किंवा त्याऐवजी अनेक जण एक उद्योग करून बसतात आणि त्यात त्यांचे काम दोन-दोन दिवस अडते. पत्रक लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

तुमची चिडचिड रास्त आहे

‘आता वय झालं, नवीन काही जमत नाही,’ असे काही ग्राहक संकोचाने सांगतात. वयाचा इथे फारसा संबंध नाही. उलट ज्यांचा हात सगळ्यात वेगाने चालतो, दिवसभर बिले, पत्रे, तक्ते करतात, त्यांनाच नव्या मांडणीचा जास्त त्रास होतो. त्यांचे निम्मे काम डोळ्यांनी नव्हे, हाताच्या सवयीने चालते. ती सवय मोडली की प्रत्येक क्लिकआधी थांबून शोधावे लागते.

स्टार्टच्या बटणाचेच बघा. 1995 मध्ये विंडोज 95 आले तेव्हापासून, मधला विंडोज 8 चा काळ सोडला तर, ते डावीकडे खालच्या कोपऱ्यात होते. कोपऱ्यात असण्याचा मोठा फायदा असा, की माउस नुसता त्या दिशेने ढकलायचा; पडद्याच्या कडेला पॉइंटर आपोआप अडतो. नजर समोरच्या कागदावर असली तरी चालते. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ने ते बटण मधे आणले. त्यात आणखी एक अडचण आहे, जी लोकांना जाणवते पण नेमकी सांगता येत नाही: टास्कबारवर नवा प्रोग्रॅम उघडला की मधली सगळी चिन्हे थोडी थोडी सरकतात आणि त्यांच्याबरोबर स्टार्टही सरकते. सकाळी जिथे होते तिथे ते दुपारी नसते. मग हाताने लक्षात ठेवायचे तरी काय?

वापरणाऱ्यांची नाराजी वाया जाते असेही नाही. 2012 मध्ये विंडोज 8 ने स्टार्टचे बटणच काढून टाकले आणि त्या जागी पडदाभर रंगीत चौकोन आणले. लोकांनी ते मनापासून नाकारले. 2013 मध्ये विंडोज 8.1 ने बटण परत दिले आणि 2015 मध्ये विंडोज 10 ने स्टार्ट मेनूही. विंडोज 11 च्या बाबतीत तेच चालू आहे. फाईल ओढून टास्कबारवरच्या चिन्हावर नेण्याची सोय सुरुवातीला काढली होती, ती 2022 मध्ये परत आली. प्रत्येक उघडी खिडकी टास्कबारवर नावासकट वेगळी दिसावी ही मागणी तर हिशेबाचे काम करणारे पहिल्या दिवसापासून करत होते. ती 2023 मध्ये पूर्ण झाली. इतर कंपन्यांकडेही हेच घडते. ॲपलने 2025 मध्ये काचेसारखे पारदर्शक रूप आणले, अक्षरे नीट वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि काही आठवड्यांतच पारदर्शकता कमी करणारा पर्याय द्यावा लागला.

म्हणून तुमची तक्रार आमच्यापुरती ठेवू नका. विंडोजचे बटण दाबून धरून एफ दाबा, ‘फीडबॅक हब’ उघडेल. तिथे लिहिलेले मायक्रोसॉफ्टपर्यंत जाते.

आधी सेटिंग्ज उघडा

स्टार्ट डावीकडे न्यायचे असेल तर टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ निवडा आणि खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये ‘अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ करा. निम्म्या ग्राहकांचे समाधान एवढ्यावरच होते. त्याच यादीत ‘कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ दिसेल, तिथे ‘नेव्हर’ ठेवा. मग तीन एक्सेल उघडली तर तिन्ही वेगळी आणि नावासकट दिसतील. विजेट्स आणि भलीमोठी सर्चची पट्टीही याच पानावरून बंद करता येते.

राइट क्लिकच्या मेनूबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. कॉपी, पेस्ट शब्दांत लिहिलेले नाही, चिन्हांत आहे. आणि जुन्या प्रोग्रॅमचे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडले आहेत. चिन्हांखाली नावे आता दिसतात, पण त्यासाठी विंडोज 11 ची 24एच2 किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. दिसत नसतील तर अपडेट राहिले आहेत असे समजा. पूर्ण जुना मेनू हवा असेल तेव्हा शिफ्ट दाबून धरा आणि राइट क्लिक करा, थेट तोच उघडतो. ही युक्ती कळल्यावर लोक इतके खूश होतात, की आम्ही आता ती बिलाच्या मागेच छापतो.

फाईल एक्स्प्लोररमध्ये ओळींमधले अंतर फार वाटत असेल तर ‘व्ह्यू’मध्ये ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’वर टिक करा. उघडताच ‘होम’ऐवजी ‘धिस पीसी’ दिसायला हवे असेल तर वरच्या तीन टिंबांतून ‘ऑप्शन्स’मध्ये जा. स्टार्ट मेनूतल्या शिफारशी ‘पर्सनलायझेशन’, मग ‘स्टार्ट’ इथून बंद होतात. 2025 च्या अखेरीस आलेल्या नव्या स्टार्ट मेनूत सगळे प्रोग्रॅम पहिल्याच पानावर खाली सरकवून दिसतात. तुमच्याकडे तो आला असेल तर ‘ऑल ॲप्स’ शोधत बसायला नको.

एवढे करून आठवडाभर काम करून बघा. नंतर जे खुपेल ते खरे खुपणारे. त्याची यादी करा आणि आमच्याकडे या.

हे मात्र करू नका

बहुतेक जण आठवडाभर थांबत नाहीत. गूगलवर शोधतात, ‘विंडोज 11 ला 10 सारखे करा’ असे सांगणारा एखादा व्हिडिओ बघतात आणि एक फुकटचे टूल टाकतात. त्याने स्टार्ट मेनू बदलतो, पण टास्कबार बदलत नाही, म्हणून दुसरे टाकतात. मग मेनूसाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, काहीतरी चिकटवतात. दोन-तीन आठवडे सगळे छान चालते. एक दिवस विंडोजचा अपडेट येतो आणि पडदा काळा होतो, किंवा टास्कबार येते, जाते, परत येते. अशा वेळी आमच्याकडे मशीन येते ते ‘विंडोज बिघडलं’ म्हणून. कोणते टूल टाकले होते हे कुणी सांगत नाही. अनेकदा मशीन आणणाऱ्याला ते माहीतही नसते, कारण टाकणारा भाचा किंवा ऑफिसातला दुसराच कुणीतरी असतो.

हे का घडते ते समजून घ्या. डेस्कटॉप, टास्कबार आणि फाईलींच्या खिडक्या हे सगळे ‘विंडोज एक्स्प्लोरर’ नावाचा एकच प्रोग्रॅम दाखवतो. रूप बदलणारी यातली बरीच टूल्स त्या प्रोग्रॅमच्या आत शिरून त्याचे काही भाग स्वतःकडे वळवतात. अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने आतली रचना बदलली की टूल जुन्याच जागी हात घालते, एक्स्प्लोरर कोसळतो, विंडोज तो पुन्हा सुरू करते, टूल पुन्हा आत शिरते आणि तो पुन्हा कोसळतो. भिंतीतल्या तारा बदलल्या आणि कुणी जुन्या नकाशावरून खिळा ठोकला, तसा प्रकार. हे आम्ही आमच्या मनाने सांगत नाही. फेब्रुवारी 2023 च्या शेवटी आलेल्या अपडेटनंतर नेमके असेच झाले आणि रूप बदलणारी काही टूल्स असलेले कॉम्प्युटर सुरूच न होण्याची शक्यता आहे, अपडेटआधी ती काढून टाका, असे मायक्रोसॉफ्टला जाहीर करावे लागले.

टूल्स बनवणारे लोक वाईट आहेत असे मुळीच नाही. त्यातली काही फार मेहनतीने बनवलेली आहेत, अपडेट आला की त्यांचे कर्तेही दुरुस्ती काढतात. पण ती दुरुस्ती येईपर्यंतचे दिवस तुमचे जातात. एकावर एक तीन टूल्स असली तर कुणामुळे काय मोडले हे शोधण्यात आमचा वेळ जातो आणि बिलात तो धरावाच लागतो. ते बिल देताना आम्हालाही बरे वाटत नाही, कारण त्यातले बरेचसे काम टळण्यासारखे असते.

पडदा असा लुकलुकू लागलाच तर घाईने ‘रिसेट’ करू नका. लॉगिनच्या पडद्यावर पॉवरच्या चिन्हावर जा, शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जा, पुन्हा ‘रीस्टार्ट’ करा आणि 4 दाबा. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अगदी गरजेच्या गोष्टींसह, सुरू होईल. तिथून ‘ॲप्स’च्या यादीतले टूल काढता आले तर बहुतेक वेळा काम भागते. नाही आले तर हात लावू नका, मशीन तसेच आणा.

या वाटेवर मशीन तुमच्याकडे 48 आकड्यांची ‘रिकव्हरी की’ मागू शकते. डिस्क एन्क्रिप्ट असली, म्हणजे तिच्यावरची माहिती कुलूपबंद असली, की असे होते. 24एच2 पासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केले की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. ती की त्याच अकाउंटमध्ये ठेवलेली असते. कोणत्या ईमेलचे अकाउंट आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे आजच लिहून ठेवा. ती की नसेल तर आम्ही काय, कुणीच तुमच्या फाईली उघडून देऊ शकत नाही.

‘फाईली गायब झाल्या’ आणि ‘परत 10 करा’

हे दोन्ही प्रश्न रूपाचे नाहीत, पण त्याच फोनवर विचारले जातात. डेस्कटॉप रिकामा दिसला तर आधी वनड्राइव्हचे (फाईली इंटरनेटवर ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचे) फोल्डर बघा. नवे विंडोज सुरू करताना ‘बॅकअप’ला हो म्हटले गेले असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात. मोफत जागा फक्त 5 जीबी असते, ती भरली की सूचना येऊ लागतात आणि घाबरून लोक तिथल्या फाईली पुसतात. त्या पुसल्या की कॉम्प्युटरवरूनही जातात. पुसण्याआधी फोन करा.

विंडोज 10 वर परत जायचे असेल तर अपग्रेडनंतर 10 दिवसांत ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मधून जाता येते. त्या काळात जागा मोकळी करायला म्हणून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसू नका. ते पुसले की परतीची वाट बंद. मुदतीनंतर कुणी ‘फॉरमॅट करून 10 टाका’ म्हटले तर आम्ही शक्यतो नाही म्हणतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे जादा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत, तेही नोंदणी केली तरच. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्यावर असे विंडोज टाकून देणे आम्हाला पटत नाही. ज्यांचे हार्डवेअर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी येऊन बोलावे, पर्याय आहेत.

आमची पद्धत

आम्ही रूप बदलणारी टूल्स टाकून देत नाही. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटतो, कारण दुसरीकडे पाच मिनिटांत टाकून मिळते. पण पुढच्या अपडेटला तुम्ही आमच्याकडेच येणार आणि तुमचे काम तेव्हा खोळंबलेले असणार. त्याऐवजी अपग्रेड करून देताना आम्ही सगळे अपडेट पूर्ण करतो, वर सांगितलेली मांडणी तुमच्या सवयीप्रमाणे लावतो, वनड्राइव्ह हवे की नको हे तुम्हाला विचारून ठरवतो आणि रिकव्हरी की छापून तुमच्या हातात देतो. मग तुम्हाला खुर्चीवर बसवून तुमचे रोजचे काम करून बघायला सांगतो. हात अडेल तिथे तिथल्या तिथे बदल करतो. यासाठी अर्धा-पाऊण तास काढून या, मशीन ठेवून जाऊ नका. एका ऑफिसात बरेच कॉम्प्युटर असतील तर सगळ्यांवर एकसारखी मांडणी लावून, सर्वांना एकत्र बसवून दाखवण्याची सोय आहे. त्याची वेळ आधी ठरवावी लागते, महिनाअखेर सोडून कधीही चालेल.

मशीन आणताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड सोबत असू द्या. आणि एखादे टूल टाकले असेल तर त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. त्याबद्दल कुणी तुम्हाला बोलणार नाही.