लॉगआउट केल्यावर मागे काय उरते?

लिनक्सच्या संगणकावर पासवर्ड देऊन आपण डेस्कटॉप उघडतो, तेव्हा आपल्या नावाने एक व्यवस्थापक आधीच कामाला लागलेला असतो. बहुतेक प्रमुख डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) हे काम लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० साली पुढे आणलेल्या सिस्टमडी (systemd) या व्यवस्थापक प्रोग्रामकडे आहे. तिची मुख्य प्रत १ क्रमांकाची प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) म्हणून सगळे यंत्र सांभाळते. शिवाय लॉगइन करणाऱ्या प्रत्येकासाठी, त्याच्याच मर्यादित अधिकारांत चालणारी, आणखी एक प्रत सुरू होते. आवाजाची व्यवस्था पाहणाऱ्या पाइपवायरसारख्या सेवा या दुसऱ्या प्रतीच्या ताब्यात असतात.

ही प्रत माणशी एक असते, सत्रागणिक, म्हणजे प्रत्येक लॉगइनला वेगळी, नव्हे. तुम्ही डेस्कटॉपवर बसलेले असताना दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचनेही (नेटवर्कवरून लॉगइन करण्याच्या सोयीने) आत शिरलात, तरी दोन्ही सत्रांचा व्यवस्थापक एकच राहतो आणि शेवटचे सत्र संपल्यावरच तो आपल्या सेवांसह थांबतो.

सेवा खरोखर थांबली, याची खात्री देणे पूर्वी अवघड होते, कारण प्रक्रियेने उपप्रक्रिया काढून स्वतः संपायचे ठरवले की मागे उरलेले पोर कोणाचे, हे शोधणे जिकिरीचे होई. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या सीग्रुपने (प्रक्रियांचे गट करण्याच्या सोयीने) हा प्रश्न सोडवला: उपप्रक्रिया जन्मतःच पालकाच्या गटात मोडते, त्यामुळे अख्खा गटच बंद करता येतो. कोसळलेली सेवा पुन्हा उभी करण्याची सूचनाही देता येते. मात्र १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही ती टिकली नाही, तर सिस्टमडी सहसा नाद सोडते.

वाद झाला तो २०१६ मध्ये. सिस्टमडीच्या आवृत्ती २३० ने लॉगआउट होताच सत्रातल्या सर्व प्रक्रिया मारून टाकणे हे आपोआप लागू होणारे वर्तन ठरवले. सामायिक संगणकांसाठी ते रास्तच होते. पण ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या, लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये रात्रभराचे गणित लावून निघून जाणाऱ्यांची जुनी सवय त्याने मोडली, आणि डेबियन या डिस्ट्रोने ते वर्तन उलटवले, हे माझ्या मते योग्यच झाले.

लॉगआउटनंतरही सेवा चालू हवी असेल, तर ‘लॉगइनसीटीएल इनेबल-लिंगर’ ही आज्ञा आहे. तिच्यामुळे त्या वापरकर्त्याचा व्यवस्थापक यंत्र सुरू होतानाच, कोणीही लॉगइन न करता, उभा राहतो. अर्थात तेव्हा पडदा उपलब्ध नसतो. म्हणून खिडकी उघडणाऱ्या सेवा ‘डीफॉल्ट’ टार्गेटऐवजी (टार्गेट म्हणजे सेवा एकत्र सुरू करण्याचा टप्पा) ‘ग्राफिकल-सेशन’ टार्गेटला बांधाव्यात.