पार्श्वभूमी : चार लाखांची सूट, बारा लाखांची सवलत

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर घरोघरी एकच वाक्य पोचले : बारा लाखांपर्यंत कर नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्यासाठी पावणेतेरा लाख. वाक्य खोटे नव्हते, पण रिटर्न भरायची वेळ आली की लोक जे प्रश्न घेऊन येतात त्यांतले बरेचसे याच वाक्यातून निघालेले असतात. कर नाही तर रिटर्न कशाला? सहा लाखच उत्पन्न आहे, तरी शेअरच्या नफ्यावर कर कसा लागला? बँकेने टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा कर, का कापला? एचयूएफला, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाला, बारा लाख का लागू नाहीत? या सगळ्यांचे मूळ एका ठिकाणी आहे. बारा लाख ही करमुक्त मर्यादा नाही. नव्या करप्रणालीत, म्हणजे कमी दरांच्या पण बहुतेक वजावटी नसलेल्या पर्यायात, करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे. बारा लाख हा आकडा कलम ८७ए च्या रिबेटचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या कशा आणि वेगळ्या का ठेवल्या गेल्या, हे मागे जाऊन पाहावे लागते.

आधी शब्दांचा गुंता. मराठीत आपण सूट, वजावट आणि सवलत हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि बातम्यांत तर तिघांनाही ‘करसवलत’ म्हणून मोकळे होतात. कायद्यात त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सूट म्हणजे उत्पन्नाचा जो पहिला टप्पा शून्य दराचा असतो तो. ती सगळ्यांना मिळते, कोट्यधीशाच्याही पहिल्या चार लाखांवर कर नसतो. वजावट उत्पन्नातून होते. विमा, पीएफ, गृहकर्जाचे व्याज ही तिची ओळखीची उदाहरणे. सवलत म्हणजे रिबेट, आणि तो मात्र सगळ्यात शेवटी येतो. उत्पन्न मोजून झाले, कराचा आकडा निघाला, आणि मग त्या करातून काही रक्कम माफ झाली. ही माफी अटीवर असते. अट मोडली की माफी गेली. शिवाय रिबेटमुळे उत्पन्न करपात्र राहायचे थांबत नाही, फक्त भरायची रक्कम शून्यावर येते. इतकी साधी गोष्ट अर्थसंकल्पाच्या दिवशी कुणी नीट सांगत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण पुढचा भुर्दंड सामान्य माणसाला पडतो.

करमुक्त मर्यादा आयकराइतकीच जुनी आहे. १८६० साली आयकर पहिल्यांदा आला तेव्हा वर्षाला २०० रुपयांखालचे उत्पन्न करातून वगळलेले होते. पुढे १८८६, १९२२ आणि १९६१ चे कायदे आले, आकडा बदलत गेला, तत्त्व तेच राहिले.

रिबेटची ठळक चाल अलीकडची. १९९० साली कलम ८८ आले आणि विमा, पीएफ, बचतपत्रे यांतली गुंतवणूक उत्पन्नातून वजा होण्याऐवजी तिच्या २० टक्के रक्कम थेट करातून वजा होऊ लागली. ज्येष्ठांसाठी आणि महिलांसाठीही वेगळे रिबेट होते. २००५ मध्ये हे सगळे काढले गेले : गुंतवणुकीसाठी ८०सी ची वजावट आली, महिला आणि ज्येष्ठांना रिबेटऐवजी जास्तीची करमुक्त मर्यादा मिळाली. त्यातली महिलांची वेगळी मर्यादा २०१२ मध्ये संपली.

या सगळ्यात एक वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००४ च्या अर्थसंकल्पात एक लाखापर्यंत कर नाही, असे जाहीर झाले. करमुक्त मर्यादा मात्र ५० हजारांवरच होती. मधली दरी भरायला कलम ८८डी आणले गेले : उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कर पूर्ण माफ. आजच्या बारा लाखांची हीच पहिली आवृत्ती. फरक इतकाच, की पुढच्याच वर्षी ८८डी गेले आणि करमुक्त मर्यादाच एक लाख झाली. तेव्हा सवलतीची वर्षभरात सूट झाली. ८७ए च्या बाबतीत इतक्या वर्षांत तसे घडलेले नाही.

८७ए आले २०१३ मध्ये. सुरुवात अगदी लहान होती : उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर करात दोन हजारांची माफी. २०१६ मध्ये ती पाच हजार झाली. २०१७ मध्ये पहिल्या टप्प्याचा दर दहावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा माफी अडीच हजारांवर आणि उत्पन्नाची अट साडेतीन लाखांवर उतरली. इथपर्यंत ८७ए कडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. २०१९ मध्ये माफी थेट साडेबारा हजार झाली आणि पाच लाखांपर्यंतचा कर शून्यावर आला. करमुक्त मर्यादा २०१४ पासून अडीच लाख होती, ती हलली नाही. जुन्या करप्रणालीत ती आजही साठीच्या आतल्यांसाठी तेवढीच आहे.

याच वेळी अटीची धार पहिल्यांदा टोचली. जुन्या प्रणालीत बरोबर पाच लाख उत्पन्न असेल तर कर शून्य. बचत खात्याच्या व्याजाचे दहा रुपये वर गेले, की साडेबारा हजारांची माफी पूर्ण जाते आणि करावरचा चार टक्के उपकर धरून १३ हजार रुपये भरावे लागतात. दहा रुपयांच्या उत्पन्नावर १३ हजारांचा कर! २०२३ मध्ये नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत २५ हजारांचा रिबेट दिला तेव्हा हा कडा थोडा उतरता केला गेला. मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर लागायचा नाही. आज १२ लाख १० हजार उत्पन्न असेल तर उपकराआधीचा कर ६१,५०० न होता १०,००० होतो, आणि हा दिलासा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पुरतो. जुन्या प्रणालीतल्या पाच लाखांच्या कड्याला मात्र असा उतार कधीच मिळाला नाही.

आता ज्या निर्णयावरून सगळ्यात जास्त वाद झाला, तो. आर्थिक वर्ष २०२३-२४ ची रिटर्न भरली जात होती. समजा, एका निवृत्त शिक्षिकेचे सगळ्या वजावटी जाऊन उरलेले नेहमीचे उत्पन्न पाच लाख, आणि शेअर वर्षाच्या आत विकून झालेला नफा एक लाख. एकूण सहा लाख, म्हणजे सातच्या आत. पाच लाखांवरचा कर १० हजार, नफ्यावर तेव्हाच्या १५ टक्क्यांनी १५ हजार, मिळून २५ हजार. रिबेट २५ हजार. भरायचे शून्य. ४ जुलै २०२४ ला रिटर्न भरले असते तर आयकर विभागाच्या पोर्टलने हाच हिशेब दाखवला असता. ५ जुलैला सॉफ्टवेअर बदलले. ६ जुलैला तेच आकडे टाकले, की रिबेट १० हजारांवर थांबायचा आणि उपकरासह १५,६०० रुपये भरायचे निघायचे. दरम्यान कायद्यात एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता.

विभागाची बाजू अशी होती, की शेअरच्या अल्पकालीन नफ्याचा दर स्वतंत्र कलमात, १११ए मध्ये आहे. नव्या प्रणालीचा रिबेट नव्या प्रणालीच्या स्लॅबने, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांनुसारच्या दरांनी, येणाऱ्या करापुरताच. करदात्यांची बाजू कायद्याच्या मजकुरावर उभी होती. दीर्घकालीन नफ्याच्या ११२ए या कलमात रिबेट मिळणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. १११ए मध्ये तसे वाक्य नाही. संसदेला एका ठिकाणी नाही म्हणायचे होते, तिथे तिने नाही म्हटले. दुसऱ्या ठिकाणी म्हटले नाही, तर ते सॉफ्टवेअरने कसे म्हणायचे? मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की मागणी करायची जागाच फॉर्ममध्ये उरली नव्हती. हक्क आहे की नाही, हे ठरवण्याआधी हक्क मागता तरी आला पाहिजे.

करसल्लागारांची एक संस्था जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ च्या अंतरिम आदेशामुळे उशिराचे आणि सुधारित रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ पर्यंत गेली. २४ जानेवारीच्या अंतिम निकालात न्यायालयाने विभागाला सांगितले, की रिबेटची मागणी नोंदवता येईल अशी सोय ठेवा. रिबेट मिळतो की नाही, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवला नाही. तो प्रत्येकाच्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी आणि अपिलात ठरवायचा, असे म्हटले. झाले असे, की लोकांनी मागणी केली, ती नाकारली गेली आणि डिमांडच्या नोटिसा गेल्या. आधी ज्यांना रिबेट देऊन झाला होता त्यांतल्या अनेकांच्या आदेशांत दुरुस्ती करून पैसे परत मागितले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये एक परिपत्रक निघाले : अशा दुरुस्तीतून आलेली मागणी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरली तर त्यावरचे उशिराचे व्याज माफ. त्याच वर्षी अपिलीय न्यायाधिकरणात करदात्यांच्या बाजूनेही निकाल लागला. म्हणजे एकाच कायद्याचे एकाच वर्षी दोन अर्थ लागले, आणि पंधरा हजारांसाठी अपिलाचा खर्च कोण करणार, म्हणून अनेक जण पैसे भरून गप्प बसले.

२०२५ च्या वित्त कायद्याने हा प्रश्न पुढच्या वर्षांपुरता मिटवला. नव्या प्रणालीत रिबेट स्लॅबच्या दराने येणाऱ्या करापुरताच, असे आता कलमातच आहे. हे वाक्य आधीपासून तिथे होते असे धरायचे, तर ते घालावे का लागले, याचे उत्तर मला अजून पटण्यासारखे मिळालेले नाही.

या दुरुस्तीने सूट आणि सवलत यांतला फरक लख्ख दिसू लागला. समजा, एखादीचे दुसरे काहीच उत्पन्न नाही, फक्त शेअरचा अल्पकालीन नफा सहा लाख आहे. ती निवासी असल्यामुळे चार लाखांची न वापरलेली सूट नफ्यातून वजा होते. उरलेल्या दोन लाखांवर आताच्या २० टक्के दराने ४० हजार, उपकरासह ४१,६०० रुपये कर. बारा लाखांचा आकडा तिच्या कामाचा नाही, कारण ती सवलत आहे आणि विशेष दराच्या कराला शिवत नाही. चार लाखांची सूट मात्र शिवते.

टीडीएसचा प्रश्नही इथूनच सुटतो. दोन बहिणी, एक ५८ वर्षांची, दुसरी ६१ ची, दोघींना मुदत ठेवींचे व्याज वर्षाला पाच लाख. कर दोघींनाही शून्य. थोरली बँकेत १५एच देते, कारण ज्येष्ठांच्या त्या फॉर्मला अंतिम कर शून्य असणे पुरते, आणि २०१९ पासून त्यात रिबेटही धरला जातो. धाकटीचा फॉर्म १५जी. त्याला आणखी एक अट आहे : व्याज करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे चार लाखांच्या, आत हवे. तिचे ५० हजार कापले जातात आणि परत मिळवायला रिटर्न भरावे लागते. रिटर्न तर दोघींनाही भरायचेच आहे, कारण तो नियम रिबेटकडे पाहत नाही, करमुक्त मर्यादेकडे पाहतो.

एचयूएफची गोष्ट थोडक्यात. ८७ए निवासी व्यक्तीसाठी आहे. एचयूएफला चार लाखांची सूट मिळते, रिबेट मिळत नाही. बारा लाखांवर कर्त्याला स्वतःच्या नावावर शून्य कर, एचयूएफच्या नावावर ६२,४०० रुपये. कर वाचवण्यासाठी एचयूएफ काढायचा जुना सल्ला आता डोळे झाकून घेण्यासारखा राहिलेला नाही. अनिवासी भारतीयांनाही रिबेट नाही.

छोट्या दुकानदाराला मात्र हा बदल चांगला मानवला. विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरू देणाऱ्या कलम ४४एडी खाली वर्षाची दीड कोटीची विक्री, सगळी बँकेतून किंवा यूपीआयने आलेली, तर सहा टक्क्यांनी नफा नऊ लाख धरता येतो. त्यावरचा ३० हजारांचा कर रिबेटने शून्य होतो. सहा टक्के हा किमान आकडा आहे, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवावा लागतो, हे मात्र सहसा बोलले जात नाही.

सरकारने सूट न वाढवता सवलतच का वाढवली? सूट बारा लाख केली असती तर पन्नास लाख कमावणाऱ्यालाही ती मिळाली असती. रिबेट तसा वर जात नाही, आणि रिटर्न भरणाऱ्यांची संख्याही घटत नाही. तिजोरीच्या बाजूने विचार केला तर कारण समजण्यासारखे आहे. पण मग ‘करमुक्त’ हा शब्द वापरायला नको होता.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ घेतो. आकारणी वर्ष जाऊन ‘करवर्ष’ येते, कलमांचे क्रमांक बदलतात आणि ८७ए हा ओळखीचा आकडा जातो. रिबेट जात नाही. आणि २०२३-२४, २०२४-२५ या दोन वर्षांतल्या अल्पकालीन नफ्यावरच्या रिबेटची जी अपिले पडून आहेत, ती जुन्याच कायद्यातल्या जुन्याच मजकुरावर चालतील.